सुटकेनंतरची तीन दशकं

फेब्रुवारी १९९६. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पोलिसांनी शहरातल्या कुंटणखान्यांवर मोठ्या धाडी घातल्या. चारशेहून अधिक मुली बाहेर काढल्या गेल्या. त्यांत सुमारे निम्म्या नेपाळच्या होत्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तोंडावर ओढण्या घेतलेल्या मुलींचे, पोलिसांच्या गाड्यांचे फोटो आले. ‘सुटका’ हा शब्द मथळ्यात होता. पण या मुलींना आता ठेवायचं कुठे, याचा विचार धाडीच्या आधी फारसा कोणी केलेला नव्हता.

मुली सरकारी सुधारगृहांमध्ये पाठवल्या गेल्या. तिथे आधीच गर्दी, त्यात दारं बंद. अनेकींची एचआयव्ही चाचणी त्यांना न विचारता झाली. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. कारणं दोन सांगितली जात होती: आजाराची भीती आणि नागरिकत्वाचे कागद नसणं. कोवळ्या वयात घरातून नेलेल्या मुलीकडे कागद असणार कुठून? असे महिने गेले. शेवटी काठमांडूच्या स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या आणि शंभराहून अधिक मुली जुलैमध्ये मायदेशी परतल्या.

गेल्या तीन दशकांचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. तस्करीतून सुटलेल्या मुलीला मदत म्हणजे नेमकं काय, हे संस्था, न्यायालयं आणि सरकार शिकत गेले, ते बरंचसं या धाडीनंतरच्या गोंधळातून.

हे काम त्याआधीच सुरू झालं होतं, हेही सांगायला हवं. प्रीती आणि प्रवीण पाटकर यांनी १९८६ मध्ये ‘प्रेरणा’ ही संस्था उभी केली. मुंबईतल्या कामाठीपुरा या वेश्यावस्तीतल्या बायकांची एक मागणी साधी होती: आमचं झालं ते झालं, पोरांना यातून वाचवा. संध्याकाळी गिऱ्हाईक यायला लागलं की पोरं खाटेखाली, जिन्यात किंवा रस्त्यावर असायची. दलालांची नजर वयात येणाऱ्या मुलींवर असायचीच. म्हणून १९८८ मध्ये प्रेरणाने रात्रीचं पाळणाघर सुरू केलं. मुलं संध्याकाळी यायची, जेवायची, अभ्यास करायची, तिथेच झोपायची आणि सकाळी आईकडे जायची. मुलांना आईपासून न तोडता पुढची पिढी धंद्यात जाण्यापासून वाचवता येते, हे या एका सोयीने दाखवून दिलं. अहमदनगरला १९८९ मध्ये गिरीश कुलकर्णी यांनी सुरू केलेल्या ‘स्नेहालय’चं कामही अशाच मुलांपासून वाढत गेलं.

आता पुन्हा काठमांडूला जाऊ. परतलेल्या मुलींपैकी पंधराजणींनी १९९६ मध्येच ‘शक्ती समूह’ स्थापन केला. ज्यांना सगळे ‘पीडित’ म्हणत होते, त्यांनीच स्वतःची संस्था काढली. त्यांतल्या चरिमाया तामाङ सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या. गावी परतून त्यांनी आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध तक्रार दिली. १९९७ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्या खटल्यात आठजणांना दोषी ठरवलं. गावातल्या ओळखीच्या माणसांविरुद्ध एका तरुणीने न्यायालयात उभं राहायचं, तेही सगळं गाव तिच्याचकडे बोट दाखवत असताना, याला किती धैर्य लागलं असेल! २०१३ मध्ये शक्ती समूहाला रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या कुंटणखान्यातून निघालेल्या मुलींचा हा प्रवास आपल्याकडच्या वाचकांना फारसा माहीत नाही, याची खंत वाटते.

कायद्याच्या बाजूनेही बदल झाले. वेश्याव्यवसायासाठीच्या तस्करीविरुद्धचा मूळ कायदा १९५६ चा. १९८६ मध्ये त्याचं नाव बदलून ‘अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम’ झालं. पण व्यवहारात एक भयंकर प्रकार चालू होता. धाडीत सापडलेल्या अल्पवयीन मुलीसाठी तोच वकील उभा राहायचा, जो कुंटणखान्याच्या घरवालीचा आणि दलालाचा खटला लढत असे. ‘मुलीची मावशी’ म्हणून कोणी तरी अर्ज करायचं, मुलगी ताब्यात घ्यायचं आणि दोन-चार दिवसांत ती पुन्हा कुठल्या तरी अड्ड्यावर दिसायची. प्रेरणाने हे उच्च न्यायालयापुढे नेलं. २००२ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की अशी मुलगी गुन्हेगार नसून काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक आहे, तिचा विचार बालकल्याण समितीने करायचा आणि आरोपीच्या वकिलाने तिची बाजू मांडायची नाही. पुढे २००७ मध्ये केंद्राची ‘उज्ज्वला’ योजना आली आणि संस्थांच्या पुनर्वसनगृहांना सरकारी पैसा मिळू लागला. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये मानवी तस्करीची व्याख्या आली.

पण कागदावरचे हे बदल एका मुलीपर्यंत पोहोचतात ते कार्यकर्तीच्या चिकाटीने. गृहचौकशीचंच, म्हणजे मुलीचं घर शोधून तपासण्याचं, उदाहरण घ्या. घरातून निघताना मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल तर तिला जिल्हा सांगता येत नाही. तिला आठवतो नदीवरचा झुलता पूल, बाजाराचा वार, शाळेच्या भिंतीचा रंग, मामाला गावात ज्या नावाने हाक मारायचे ते नाव. कार्यकर्ती हे तुकडे वहीत लिहून घेते, कधी त्या भागातल्या संस्थेला फोन करते, कधी त्याच भाषेची बाई शोधून मुलीसमोर बसवते. आठवडे जातात. घर सापडलं तरी पुढचा प्रश्न उरतोच: मुलीला तिथे पाठवायचं का? विकणारा बहुतेक वेळा लांबचा नसतो. शेजारी असतो, नात्यातला असतो, लग्नाचं किंवा नोकरीचं आमिष दाखवणारा ओळखीचा असतो. तो त्याच गल्लीत राहत असेल तर घर हे सुरक्षित ठिकाण उरत नाही.

दुसरी अडचण साक्षीची. खटला उभा राहीपर्यंत वर्षं उलटतात. तोवर एखादीने लग्न केलेलं असतं, सासरी मागचं काहीच सांगितलेलं नसतं. मग एके दिवशी समन्स घेऊन पोलीस दारात उभा राहतो. ती साक्षीला गेली नाही की ‘फितूर झाली’ म्हणून नोंद होते. अशा वेळी तिच्यासोबत न्यायालयात बसणारी, समन्स घरी न जाता संस्थेच्या पत्त्यावर यावं म्हणून धडपडणारी बाई हीच तिच्यासाठी न्यायव्यवस्था असते.

या मागोव्यात या कामातल्या चुकांकडेही पाहायला हवं. धाडीत अल्पवयीन मुली सुटल्या, तशा स्वतःच्या मर्जीने वेश्याव्यवसाय करणाऱ्या प्रौढ बायकाही उचलल्या गेल्या आणि ‘पुनर्वसना’च्या नावाखाली महिनोन्महिने कोंडल्या गेल्या. शिवण, मेंदी, मेणबत्त्या एवढंच शिकवून बाहेर सोडलेल्या बाईला त्यात खोलीचं भाडंही निघत नाही. सांगलीच्या ‘संग्राम’ या संस्थेने आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ने हा मुद्दा सातत्याने मांडला. परिषदही १९९६ चीच, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. संस्थांमध्ये यावरून कडाक्याचे वाद झाले, अजून होतात. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या व्यवसायातल्या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे आणि संरक्षणगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ स्त्रियांची प्रकरणं तपासून त्यांना सोडण्याची प्रक्रिया व्हावी. मुलीला वाचवायचं तर त्वरा हवी आणि प्रौढ बाईला आधी विचारायला हवं, हा फरक मान्य व्हायला इतकी वर्षं लागली.

आज कामाठीपुऱ्यातल्या कित्येक कोठे बंद झाले, पण धंदा लॉजवर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये आणि मोबाइलवर गेला. ओळख इन्स्टाग्रामवर होते, मुलगी रेल्वेने एकटीच येते. पूर्वी संस्थेच्या ताईंना गल्ली माहीत होती, जिना माहीत होता. आता दारच सापडत नाही. म्हणून कामाची जागा मुलीच्या गावाकडे, शाळेकडे, एसटी स्टँड आणि रेल्वे फलाटाकडे सरकते आहे, आणि तिथे आपण सगळेच असतो.

तेव्हा वाचकांना दोन विनंत्या. फलाटावर, शेजारच्या घरात, हॉटेलात एखादी लहान मुलगी घाबरलेली, कोणाच्या तरी पहाऱ्यात दिसली तर १०९८ किंवा ११२ वर फोन करा. आणि पुनर्वसनगृहातून बाहेर पडलेली एखादी तरुणी तुमच्याकडे काम किंवा भाड्याने खोली मागायला आली, तर तिचा भूतकाळ विचारू नका. काम द्या, पगार वेळेवर द्या. १९९६ मध्ये त्या मुलींना घेऊन कुठे जायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आज त्याचं उत्तर तुमच्या-माझ्या दारापर्यंत आलेलं आहे.