सर्व्हर सुरू होत नाही? आधी भिंतीकडे पहा!

मंडळी, वादळात वीज जाणे बॉथेलकरांना नवे नाही. डिसेंबर २००६ चे वादळ जुन्या मंडळींना आठवत असेलच. १९ नोव्हेंबर २०२४ च्या वादळाने तर पश्चिम वॉशिंग्टनमधली लाखो घरे अंधारात गेली. वीज परत येते, दिवे लागतात, पण कपाटात चोवीस तास चालणारा घरचा सर्व्हर मात्र ढिम्म! त्यात बारशाचे, मुंजीचे फोटो आणि आजीच्या आवाजातल्या ओव्या. यंत्र नवे मिळते, ओव्या मिळत नाहीत. म्हणून घाई न करता बाहेरून आत, एका वेळी एकच गोष्ट तपासावी.

१. वीज : त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प लावून पहा. तो लागला तर सर्ज प्रोटेक्टर व यूपीएस वगळून यंत्राची वायर थेट भिंतीत लावा. यूपीएसची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकते. जुन्या पॉवर सप्लायवर ११५/२३० असे छोटे बटण असते. भारतातून आणलेले यंत्र २३० वरच राहिले, तर इथल्या १२० व्होल्टवर ते सुरू होत नाही. उलट, ११५ वर ठेवून भारतात लावले तर जळते!

२. पंखा व आवाज : काहीच हालचाल नसेल तर संशय पॉवर सप्लायवर. तो बदलावा, पण उघडू नये. वायर काढल्यावरही आत वीज साठलेली असते. पंखा फिरतो, बीप वाजते, पण पडदा काळा? वायर काढा, धातूच्या पेटीला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, मेमरीची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवा.

३. पडद्यावरची अक्षरे : आधी त्यांचा फोटो काढा. डिस्क सापडत नाही असे म्हणत असेल, तर विसरलेला पेनड्राइव्ह काढा, डिस्कची केबल पहा. तारीख चुकीची दिसली तर आतला सीआर२०३२ सेल बदला. निळा पडदा आला म्हणजे यंत्र गेलेच असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज यंत्रे कोलमडली. यंत्रे ठणठणीत होती; सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढली की चालू होत. पण बिटलॉकरचे कुलूप होते तिथे ४८ अंकी किल्ली लागली. आपली किल्ली आजच कागदावर उतरवून पासपोर्टांशेजारी ठेवा.

४. डिस्क : टकटक आवाज आला तर ताबडतोब बंद करा. पुन:पुन्हा सुरू केल्याने नुकसान वाढते. अनेक डिस्क असतील तर काढण्यापूर्वी त्यांवर क्रमांक लिहा. यंत्राने ‘इनिशियलाइझ करू का?’ असे विचारले, तर उत्तर ठामपणे ‘नाही’!

फोटोंची आणि ओव्यांची दुसरी प्रत मात्र सर्व्हर धडधाकट असतानाच काढावी, आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेवावी.