घोडीच्या नावाने चालणारं घराणं

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत कुठल्या तरी ट्रंकेत वंशवृक्ष हमखास असतो. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, मग नातू. सुनांची नावं कुठे कुठे दिसतात, मुलींची बहुतेक गळलेली. आमच्याही घरात तसाच एक कागद आहे आणि माझ्या चार आत्यांपैकी एकीचंही नाव त्यावर नाही.

काठियावाडात घोड्यांच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा आहे. तिथे घराणं घोडीच्या नावाने चालतं. ताजण, माणकी, ढेल ही नावं मूळ घोड्यांची नव्हेत, मूळ घोड्यांच्या आयांची म्हणता येतील अशा घोडींची आहेत. 'ही माणकी' म्हणजे आईची आई, तिची आई असं मागे जात जात जी एका माणकीपर्यंत पोचते ती. बाप कोण हे विचारतात, पण नंतर. अरबस्तानातले बदाऊनही घोड्याचं कूळ आईवरूनच सांगत आले आहेत.

आपला आणि काठियावाडाचा संबंध तसा जुना. अमरेली प्रांत बडोदे संस्थानाचाच होता, आणि १८०७ साली कर्नल वॉकरने खंडणी ठरवून देण्याआधी गायकवाडांची फौज मुलूखगिरीला त्याच भागात जायची. त्या फौजेशी लढलेल्या काठी दरबारांच्या वंशातला एक जण माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजात माझ्याच बाकावर बसायचा. आता आम्ही दोघंही कोड लिहून पोट भरतो. पण त्याच्या अमरेलीजवळच्या घरी अजून घोड्या आहेत, आणि गेल्या वर्षी त्याच्या वडिलांनी, म्हणजे बापूंनी, मला एका घोडीच्या लग्नाच्या हिशेबासाठी बोलावून घेतलं.

घोडी १८ वर्षांची. काठियावाडी घोड्याची खूण असलेले कान तिचे असे, की पुढे वळले की टोकाला टोक लागतं. रेवाल चाल अशी, की स्वाराच्या हातातला पेला हिंदकळू नये. आतापर्यंत ती दोनदा व्यायली, दोन्ही वेळा नर शिंगरू. त्यांतला एक खच्ची केलेला, दुसरा विकला गेलेला. तिच्या आईला दुसरी मुलगी नव्हती, मावशीची शाखा दुष्काळात संपली. म्हणजे त्या गावातलं ते घराणं या एका घोडीवर येऊन थांबलं होतं.

यात विज्ञान किती आणि भावना किती, हा प्रश्न मलाही पडला. विज्ञान आहे. शिंगराच्या पेशीतला मुख्य डीएनए अर्धा आईचा, अर्धा बापाचा. पण मायटोकाँड्रिया नावाचा जो पेशीतला ऊर्जेचा कारखाना, त्याचा स्वतःचा छोटासा डीएनए फक्त आईकडून येतो. मुलग्याला तो मिळतो, पण तो पुढे देऊ शकत नाही. काठी लोकांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी त्यांनी वंशावळीचा जो धागा धरला, तो नेमका हाच.

आणि एका घोडीने काय फरक पडतो असं वाटत असेल, तर मंगोलियाच्या प्रझेवाल्स्की रानघोड्यांचं उदाहरण घ्या. आज जगात असलेले सुमारे दोन हजार घोडे जेमतेम डझनभर रानटी पूर्वजांपासून आलेले आहेत. त्यांतली शेवटची रानात पकडलेली घोडी, ऑर्लित्सा तिसरी, १९४७ साली सापडली आणि १९५७ मध्ये युक्रेनच्या अस्कानिया-नोव्हा इथे आणली गेली. बंदिस्त कळपात आपसांत वीण होऊन रक्त गोठत चाललेलं असताना नवं रक्त आलं ते तिच्याकडून.

आता बापूंचा प्रश्न. घोडा कोणता?

त्यांच्या मनात एक नाव पक्कं होतं. शेजारच्या तालुक्यातला, आमच्या घोडीच्याच बापाचा मुलगा. आई वेगळी. कान तेच, डोळे तेच, कपाळावरचा भोवराही जागच्या जागी. बापूंचं म्हणणं सरळ होतं, "रक्त टिकवायचं तर रक्तालाच रक्त द्यायला हवं ना, बेटा?"

बहुतेकांना असंच वाटतं, आणि माझ्या मते सगळा घोटाळा इथेच होतो. शिंगरात आईच्या बाजूने मुख्य डीएनएचा अर्धाच भाग येणार. घोडा कितीही जवळचा आणला तरी तो अर्ध्याचा पाऊण होत नाही. जवळच्या घोड्याकडून येतात ते दोघांच्या सामाईक पूर्वजाचे, म्हणजे इथे घोडीच्या बापाचे जीन. आणि बापाचं रक्त दुर्मिळ नव्हतंच, त्याची पोरं चार तालुक्यांत पळत होती. दुर्मिळ होती ती आईची ओळ. आणि एकाच पूर्वजाचा एकच जीन दोन्ही बाजूंनी आला, की त्यातला दडलेला दोष उघडा पडतो.

याचं गणित स्यूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ साली मांडलं. वंशावळ काढायची, आईकडून सामाईक पूर्वजापर्यंत वर जायचं आणि बापाकडे खाली उतरायचं, वाटेत भेटलेली जनावरं मोजायची आणि तितक्या वेळा अर्ध्याने गुणायचं. आम्हा कोडवाल्यांना हे म्हणजे घरचं काम. अर्ध्या तासात मी छोटा प्रोग्रॅम लिहिला. सावत्र भावाशी जोडी लावली तर वाटेत तीन जनावरं: घोडी, तिचा बाप, घोडा. उत्तर १२.५ टक्के. त्याच घोड्याच्या मुलाशी, म्हणजे सावत्र भाच्याशी लावली तर ६.२५ टक्के. सख्ख्या बाप-लेकीचा आकडा २५ असतो, यावरून अंदाज यावा. बापूंनी आकडे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमच्यात एका शाखेत मुलगी देत नाहीत, ते काय उगीच?" पुढचं समजवायला मला काहीच लागलं नाही. आपल्याकडचं सगोत्र त्यांना ठाऊक होतंच.

दुसरा घोडा होता मेळ्यात पहिला आलेला, देखणा, महागडा. त्याच्याबद्दल माझी हरकत वेगळी. परिसरातल्या निम्म्या घोड्या त्याच्याकडे जात होत्या. आज नातं शून्य, पण पाच वर्षांनी आपल्या शिंगराला जोडीदार शोधताना जो तो सावत्र भाऊ निघणार. शिवाय घोडीला ट्रकने दूर न्यावं लागलं असतं.

इथे घोडीच्या वयाचा मुद्दा येतो, आणि खरं सांगायचं तर बाकी सगळं गणित याच्यापुढे दुय्यम आहे. घोडीला रजोनिवृत्ती नसते, ती म्हातारपणीही माजावर येते, त्यामुळे मालक निर्धास्त राहतो. पण पंधरा वर्षांच्या आसपास गाभण राहण्याचं प्रमाण उतरू लागतं. बीजांडं जुनी झालेली असतात, गर्भाशयाची पिशवी सैल पडून खाली झुकते, आणि घोडा दाखवल्यावर आत साठणारा द्राव तरुण घोडीसारखा आपोआप बाहेर पडत नाही. तो साठला की जंतुसंसर्ग, मग गर्भ टिकत नाही. म्हणून पशुवैद्यांनी सांगितलं: घोडा वारंवार दाखवायचा नाही. माज २१ दिवसांनी फिरून येतो आणि पाच-सात दिवस टिकतो; त्यात सोनोग्राफीने बीजकोश मोजायचा, तो साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे गेला की बीज सुटण्याच्या आदल्या दिवशी एकदाच फळवायची, आणि दुसऱ्या दिवशी आत द्राव आहे का ते तपासून लागल्यास गर्भाशय धुवून घ्यायचं.

गोठवलेल्या वीर्याचा पर्यायही निघाला होता. ते घोडीच्या शरीरात जेमतेम अर्धा दिवस टिकतं. ताजं दोन-तीन दिवस. वेळ चुकवायला जागाच नसलेल्या म्हाताऱ्या घोडीसाठी ताजंच बरं. भ्रूण प्रत्यारोपणाचंही मी वाचून ठेवलं होतं. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर शाखेत २०२३ मध्ये मारवाडी घोडीचं भ्रूण दुसऱ्या घोडीच्या पोटात वाढवून शिंगरू जन्माला आलं आहे. आठवड्याभराचं भ्रूण काढून घेतलं की म्हातारीला अकरा महिन्यांचं ओझं नाही. पण माज जुळवून ठेवलेल्या दोन-तीन दायी घोड्या, प्रवास, सोयी हे सगळं अमरेलीच्या खेड्यात उभं करणं अवघड होतं.

म्हणून निवड झाली ती तिसऱ्याची. चाळीस किलोमीटरवरचा, नऊ वर्षांचा, दिसायला चारचौघांसारखा. कान छान, पण टोकाला टोक लागत नाही. पाच पिढ्यांत आमच्या घोडीशी नातं नाही. पाय सरळ, खूर घट्ट, पोरांना पाठीवर बसू देणारा स्वभाव, आणि आधीच्या मोसमात दाखवलेल्या बहुतेक घोड्या गाभण. ग्लँडर्सची रक्ततपासणी स्वच्छ; ही मी आधीच अट घातली होती, कारण हा आजार माणसालाही होतो आणि तो निघाला तर कायद्याने कळवावाच लागतो. कानांवरून बापू दोन दिवस गप्प होते. मग त्यांनी त्या घोड्याच्या आईला जाऊन पाहिलं, आणि परत येऊन एवढंच म्हणाले, "आई चांगली आहे."

मार्चमध्ये पहिला माज फुकट गेला. एप्रिलमध्ये राहिली. पंधराव्या दिवशी सोनोग्राफीत एकच गर्भ दिसला. घोडीला जुळं म्हणजे संकटच, त्यामुळे एकच आहे हे पाहणं फार महत्त्वाचं. पंचविसाव्या दिवसानंतर ठोकाही दिसला.

दोन महिन्यांनी पशुवैद्यांनी विचारलं, नर की मादी पाहायचं का? घोड्यांत ते साठ-सत्तर दिवसांच्या सुमारास कळू शकतं आणि त्याला बंदीही नाही. बापूंनी नको म्हटलं. सोनोग्राफीच्या पडद्यासमोर एक अख्खं कुटुंब मुलगी व्हावी म्हणून नवस बोलतंय, हे दृश्य मी आपल्या देशात पहिल्यांदाच पाहत होतो.

मुलगी होण्याची शक्यता अर्थात निम्मीच. दोन शिंगरांत एक तरी मादी असण्याची शक्यता ७५ टक्के, तिनांत ८७.५. गंमत म्हणजे आईचे जीन किती वाचतात याचा सरासरी आकडाही तोच आहे: एका शिंगरात निम्मे, दोनांत पाऊण, तिनांत ८७.५ टक्के. पण १८ वर्षांच्या घोडीकडे तीन शिंगरांची उसंत नसते.

आता फेब्रुवारी संपत आलाय, घोडीला दहा महिने झालेत, आणि मार्चच्या मध्यावर ती व्यायला हवी. बापूंच्या घरी तयारी चालू आहे. दुसऱ्या एका निरोगी घोडीचा चीक फ्रीजरमध्ये साठवलाय, कारण शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षक द्रव्यं जवळपास नसतातच. ती पहिल्या काही तासांत चिकातूनच मिळावी लागतात, आणि म्हाताऱ्या घोडीचा चीक कधी पातळ निघतो. केसांचा नमुना डीएनएसाठी कुठे पाठवायचा तेही ठरलंय.

आणि मुलगाच झाला तर? मित्राने ते माझ्याकडून आधीच लिहून घेतलंय: या वेळी खच्ची करायचा नाही, विकायचा नाही. तीन वर्षांचा झाला की त्याचं वीर्य गोठवून ठेवायचं. घोडी सशक्त राहिली, तर व्यायल्यानंतर लगेच येणारा माज सोडून पुढच्या माजाला तोच चाळीस किलोमीटरवरचा घोडा पुन्हा दाखवायचा.