भाताचा घास, पेंढ्याची काडी

साध्या भाताचा घास न गिळता दोन-तीन मिनिटं चावत राहावं. तो हळूहळू गोड लागू लागतो. पिष्ट म्हणजे ग्लुकोजला ग्लुकोज जोडून झालेली लांबच लांब साखळी. लाळेतलं अमायलेज ती तोडतं आणि सुटलेल्या लहान तुकड्यांची गोडी जिभेला कळते.

आता त्याच भाताचा पेंढा हातात घ्या. त्यातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच. फरक एवढाच, की इथे प्रत्येक पुढचा मणी उलटा फिरवून ओवलेला असतो. त्यामुळे साखळ्या सरळ, ताठ राहतात आणि शेजारणींना घट्ट धरून बसतात. हा सांधा तोडणारं विकर आपल्याकडे नाही. म्हशीकडेही नाही, तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे, म्हणून तिला पेंढा पचतो. मणी तोच, ओवण्याची तऱ्हा वेगळी. सजीवांच्या रसायनशास्त्रात मला सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट.

मण्यांच्या जातीही मोजक्याच आहेत: शर्करा, अमिनो आम्लं, न्यूक्लिओटाइड आणि चरबी-तेलातली मेदाम्लं. मेदाम्लं अशी लांब माळ करत नाहीत, पण पेशीभोवतीचं पातळ आवरण त्यांच्याशिवाय होत नाही.

प्रथिनांत नेहमी आढळणारी अमिनो आम्लं वीस. ती हाती यायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. १८०६ मध्ये व्होक्लँ आणि रोबिके यांना फ्रान्समध्ये अ‍ॅस्परजिन मिळालं ते शतावरीच्या कुळातल्या एका भाजीच्या रसात. १८२० मध्ये ब्राकोनोने जिलेटिन गंधकाम्लात उकळून गोडसर ग्लायसीन काढलं. विसातलं शेवटचं, थ्रिओनीन, विल्यम रोझ यांनी १९३५ मध्ये ओळखलं. यांतली काही शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. तांदळात लायसीन कमी, तुरीत भरपूर. तुरीत मेथिओनीन कमी, ते तांदूळ भरून काढतो. वरण-भाताला गरिबाचं जेवण म्हणून कमी लेखणं मला कधीच पटलेलं नाही.

हे मणी कोणत्या क्रमाने ओवायचे, ते डीएनएमधली चार अक्षरं ठरवतात. तीन अक्षरांचा एक शब्द, एका अमिनो आम्लासाठी. ही लिपी उलगडण्यातल्या वाट्याबद्दल हरगोविंद खुराना यांना १९६८ चं नोबेल मिळालं.

एक अक्षर चुकलं तर काय होतं, हे नंदुरबार-गडचिरोलीत घराघरांतून ठाऊक आहे. रक्तातून प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ मणी असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलीन येतं. केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५०च्या दशकात हा बदल नेमका दाखवला. ग्लुटामिक आम्लाला पाण्याची ओढ असते, व्हॅलीन पाणी टाळतं. प्राणवायू देऊन झाला की ते शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत जाऊन बसतं, रेणूला रेणू चिकटून दोरे तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे आणि हाडं असह्य ठणकतात. आईवडील दोघांकडून हे अक्षर आलं तर सिकलसेलचा आजार होतो, एकाकडून आलं तर माणूस वाहक असतो.

गावातल्या शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेतात, नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. सिकल हिमोग्लोबिन नसेल तर रेघा स्पष्ट दिसतात. असेल तर द्रावण गढूळ होतं, रेघा दिसेनाशा होतात आणि आजारी की वाहक हे ठरवायला रक्त पुढच्या तपासणीला जातं.