घरघंटी घ्यावी, पण कोणी आणि कशी?

बोनस हाती पडला की आपल्या घरांत पहिली चर्चा होते ती कोणती वस्तू घ्यायची याची. गेल्या वर्षी आमच्या वस्तीत घरघंटीची, म्हणजे घरगुती पिठाच्या चक्कीची, लाट आली. दुकानदार हप्त्याने देतो आणि कागद सहीला पुढे करतो. दोन महिन्यांत माझ्या माहितीतल्या चार घरांत ती आली. त्यातल्या दोन चक्क्या आज इस्त्रीचे कपडे ठेवण्याचे टेबल झाल्या आहेत. हप्ते मात्र चालू आहेत. म्हणून हा लेख लिहावा लागला.

माझी कालकथित आई गिरणीचे नाव काढले की गप्प व्हायची. गावी आपल्या लोकांचे दळण सर्वांत शेवटी लागायचे. गावाचे दळण संपेपर्यंत आपली बाई डबा घेऊन ओट्याखाली उभी. आधी आली तरी शेवटी, पाऊस असला तरी शेवटी. आता ते दिवस गेले असे कुणी म्हणेल. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये उत्तराखंडच्या बागेश्वर जिल्ह्यात पिठाची गिरणी बाटवली म्हणून एका दलित इसमाचा खून झाला, हे विसरू नये. त्यामुळे आपल्या घरात चक्की असावी असे एखाद्या भगिनीला वाटले तर ती चैन आहे असे मी म्हणणार नाही.

पण भावना वेगळी आणि हिशेब वेगळा. आमच्या बाजारात चांगली चक्की साधारण १६,००० रुपयांना मिळते. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो पीठ लागते असे धरा. गिरणीवाला आमच्याकडे किलोला ६ रुपये घेतो, म्हणजे महिन्याचे १५० रुपये झाले. घरची १ हॉर्सपॉवरची चक्की तासाला ७ ते ८ किलो गहू दळते. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा तासाला पाऊण ते एक युनिट वीज जाते. महिन्याचे तीन-सव्वातीन तास धरले तर विजेचे ३० रुपये. बचत उरली १२० रुपये. या बचतीतून १६,००० रुपये फिटायला अकरा वर्षे लागतात, आणि यात हप्त्याचे व्याज धरलेले नाही!

हा कागद मी घरी दाखवला. आमच्या आयुष्मतींनी तो वाचून विचारले, "तीन मजले डबा उतरवायचा आणि चढवायचा, तो हिशेब यात कुठे लिहिला आहे?" मला उत्तर देता आले नाही. बाईच्या कष्टाचा आणि वेळेचा रकाना आपण कुणीच काढत नाही.

मार्ग निघाला तो आमच्या विहाराच्या महिला मंडळात. पाच घरांनी मिळून एक चक्की घेतली. प्रत्येकी ३,२०० रुपये आले. पाच घरांचे मिळून महिन्याला १२५ किलो दळण होते, वीज वजा जाता ६०० रुपये वाचतात आणि २७ महिन्यांत किंमत वसूल होते. जयंतीच्या डीजेसाठी वर्गणी निघते, तर पिठासाठी का निघू नये? (हे वाक्य काही तरुण मित्रांना झोंबेल, पण झोंबू द्या.)

घेताना काय पाहावे? मोटरचे वाइंडिंग तांब्याचे आहे का, हे बिलावर लिहून घ्यावे. दळण्याचा भाग स्टीलचा असावा. बाहेरची पेटी बहुधा प्लायवूडची किंवा पार्टिकल बोर्डची असते. ती मोरीजवळ ठेवली की फुगते. गावात किंवा जवळच्या शहरात दुरुस्तीचा माणूस मिळतो का, ते पैसे देण्यापूर्वी विचारावे. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्थिंग. जुन्या चाळींत तिसरी तार नुसती नावाला असते. आधी वायरमनकडून तपासून घ्यावे आणि मोठ्या तीन पिनांचे वेगळे सॉकेट बसवावे. एक्स्टेन्शन वायरवर चक्की चालवू नये.

वापरताना धान्य निवडलेले आणि कोरडे हवे. रेशनच्या गव्हात खडा राहिला तर जाळी फाटते. गहू धुतला असेल तर कडक उन्हात पूर्ण वाळवावा. ओलसर दाण्याचे पीठ जाळीला लिंपते आणि मोटर तापते. मोटरने वेग घेतला की मगच धान्य सोडावे. आत दाणे अडकलेले असताना बटन दाबले तर मोटर नुसती गुरगुरते आणि जळते. जाळी बदलताना प्लग काढलाच पाहिजे, नुसते बटन बंद करून भागत नाही. शेंगदाणे आणि तीळ तेल सोडतात, ते यात घालू नयेत. आमच्या मंडळात एकीने हौसेने मिरची दळली, पुढे दोन दिवस सगळ्यांच्या पोळ्या तिखट!

पीठ गरम निघते. ते लगेच झाकून ठेवले तर डब्याला आतून घाम सुटतो आणि बुरशी धरते. परातीत पसरून गार करावे. ज्वारी आठवड्यापुरतीच दळावी. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. बाजरीत तेलाचा अंश जास्त, तिचे पीठ लवकर कडू होते. मोठ्या गिरणीत एका वेळी पंधरवड्याचे दळण आणावे लागते, घरी मात्र दोन किलोही दळता येते. हा फायदा मी वरच्या हिशेबात धरलेला नाही.

ग्रामीण भागातील वाचकांनी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करावी. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी राखीव असते आणि त्यातून अनेक जिल्ह्यांत महिलांना पिठाची गिरणी अनुदानावर दिली जाते. योजना दरवर्षी बदलतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक तयार ठेवावे. दलालाला एक पैसाही देऊ नये. बाहेरचे दळण पैसे घेऊन करायचे असेल तर घरगुती मीटरवर चालेल का, हे वीज कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

आमची चक्की एका भगिनीच्या तळमजल्यावरील खोलीत आहे. भिंतीला वही टांगली आहे. तारीख, घर, किलो आणि मीटरचे युनिट जिचे तिने लिहायचे. शनिवार-रविवार दळणाचे वार ठरले आहेत. जी आधी येईल तिचे दळण आधी लागते. फक्त बाजरी सर्वांत शेवटी, कारण तिच्यानंतर जाळी साफ करावी लागते.