कांद्यावरची बुरशी आणि बोटावरचा थेंब

एका वाचकांनी पत्रातून दोन आकडे पाठवले आहेत : 148 आणि 161. महिन्यापूर्वी मधुमेहाचं निदान झालं, डॉक्टरांनी घरीच साखर तपासायला सांगितली, म्हणून त्यांनी ग्लुकोमीटर आणला. एकाच बोटातलं रक्त दोन मिनिटांच्या अंतराने तपासलं, तर हे आकडे आले. ‘मशीन परत करू का?’ असं ते विचारतात.

परत करू नका. घरगुती ग्लुकोमीटरच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार साखर शंभराच्या वर असेल, तर प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा 15 टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे खरी साखर 150 असताना 130 आला तरी मीटर ठीक आणि 170 आला तरी ठीक. तेरा गुणांच्या फरकाने झोप उडवून घेण्याचं कारण नाही.

उलट मीटरमध्ये घालून जिच्यावर रक्ताचा थेंब घेतो, त्या पट्टीचं कौतुक करावं असं मला वाटतं. कांदा सोलताना सालीखाली काळी भुकटी लागते ना, ती बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस नायगर ही बुरशी असते. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर तिच्यापासूनच मिळवतात, आणि कित्येक पट्ट्यांच्या टोकाला त्याचाच सुकवलेला थर असतो. रक्तातल्या इतक्या पदार्थांमधून ते नेमकं ग्लुकोज गाठतं आणि त्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतं. साखर जितकी जास्त, तितका विजेचा प्रवाह जास्त. मीटर मोजतो तो हाच प्रवाह. या सगळ्याला रक्त लागतं जेमतेम एक मायक्रोलिटर! हे विकर ओलाव्याने बिघडतं, म्हणून पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच घट्ट लावायचं. पावसाळ्यात तर नक्कीच.

पण हे यंत्र आपल्या घरात आलं ते एका हट्टी रुग्णामुळे, आणि त्याचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. रिचर्ड बर्नस्टीन हे अमेरिकेतले इंजिनिअर. बाराव्या वर्षापासून मधुमेही. त्या काळी घरी तपासायची ती लघवी. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. साखर घसरली तर लघवीवरून काहीच कळत नाही. 1969 साली बर्नस्टीन यांनी एका नव्या मीटरची जाहिरात पाहिली. वजन तीन पौंड, किंमत 650 डॉलर. दवाखान्यात रात्री बेशुद्ध आलेला माणूस दारू प्यायलाय की त्याची साखर बिघडलीय, हे ओळखायला ते बनवलेलं होतं. कंपनी ते फक्त डॉक्टरांना विकायची. बर्नस्टीन यांच्या पत्नी डॉक्टर होत्या. त्यांच्या नावावर यंत्र मागवलं गेलं.

ते रोज पाच-पाच वेळा साखर मोजू लागले. दिवसभरात ती किती खाली-वर होते हे प्रथमच डोळ्यांना दिसलं, आणि त्याप्रमाणे त्यांनी इन्शुलिन आणि आहार बदलत नेला. हा अनुभव लिहून पाठवला, तर वैद्यकीय नियतकालिकांनी तो छापला नाही. मग पंचेचाळिसाव्या वर्षी ते स्वतःच मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि 1983 मध्ये डॉक्टर झाले. त्यांच्या अत्यल्प कर्बोदकांच्या आहाराबद्दल मतभेद आहेत. पण रुग्णाने आपली साखर आपण मोजावी, हा त्यांचा आग्रह आज जगाने मान्य केला आहे. 2025 मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले.

म्हणून पत्रलेखकांना सांगणं एवढंच, की हा आकडा परीक्षेचा निकाल समजू नका, बर्नस्टीन यांच्यासारखा तो प्रश्न विचारायला वापरा. दोन वाट्या भाताने किती वाढते? एक भाकरी आणि उसळीने किती? जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा मोजा. दिवसातून किती वेळा, ते डॉक्टरांना विचारून ठरवा. आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. फळ सोलल्यावर बोटाला राहिलेल्या रसानेही आकडा खोटाच चढतो, आणि नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने तो रस जात नाही, हे जपानी संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं आहे. आंब्याच्या दिवसांत हे विसरू नका. सुई बोटाच्या टोकाला नको, कडेला टोचा, कमी दुखतं. आकडा 70 च्या खाली आला, तर आधी साखर खा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

आणि डॉक्टरांकडे जाताना वही न्या. तिच्यात आकड्याशेजारी ताटात काय होतं, तेही लिहिलेलं असू द्या.