पाठच्या भावंडाचा पाहुणचार

भाऊबीजेला भावाने बहिणीच्या घरी जावे आणि तिच्या हातचे जेवावे, ही रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे. जैन परंपरेत या रीतीचे मूळ एका शोकाच्या प्रसंगात सांगितले जाते. पावापुरीस भगवान महावीरांचे निर्वाण झाले, तेव्हा ज्येष्ठ बंधू राजा नंदिवर्धन दुःखाने खचून गेले. कार्तिक शुद्ध द्वितीयेस बहीण सुदर्शना हिने त्यांना आपल्या घरी नेले, त्यांची समजूत घातली आणि जेवू घातले. भावंडाच्या मनावरचा भार थोडा उतरावा, हा त्या पाहुणचाराचा हेतू होता.

आज अनेक बहिणींची घरे न्यू जर्सीत, लेस्टरमध्ये किंवा टोरांटोत आहेत. भाऊ मात्र रिद्धपूर, मोर्शी किंवा वरूडच्या संत्राबागेत आहे. आई-वडील लेकीकडे दोन-तीनदा जाऊन येतात. नातवंडाचे बाळंतपण, बारसे अशी निमित्ते त्यांना मिळतात. भावाचे जाणे मात्र वर्षानुवर्षे लांबणीवर पडते. बाग, दुकान आणि म्हातारी माणसे सांभाळण्यासाठी कोणीतरी मागे राहावे लागते, आणि तो मागे राहिलेला असतो. म्हणून तो अखेर निघतो, तेव्हा त्याच्या भेटीची तयारी आई-वडिलांच्या भेटीपेक्षा वेगळी करावी लागते.

पहिला प्रश्न ऋतूचा. विमानाचे तिकीट मुलांच्या सुट्टीकडे पाहून काढले जाते. बागायतदाराला बहराकडे पाहावे लागते. मृग बहराची फळे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात निघतात, त्यानंतर मे महिन्यात झाडांना ताण दिला जातो. तो बहर धरणाऱ्यास त्या सुमारास थोडी उसंत असते. आंबिया बहर धरणाऱ्याच्या झाडांवर मात्र मे महिन्यात फळे असतात आणि पाणी चुकवून चालत नाही. बहिणीने तारीख कळवण्याआधी भावाला विचारावे, हे उत्तम.

दुसरा प्रश्न परवानगीचा. कायद्याच्या दृष्टीने भावंड हे आई-वडिलांइतके जवळचे नाही. कॅनडाचा सुपर व्हिसा पालकांना व आजी-आजोबांना मिळतो. भावंडास साधा अभ्यागत व्हिसा घ्यावा लागतो. अमेरिकेच्या अभ्यागत व्हिसासाठी बहिणीच्या पगाराच्या दाखल्यापेक्षा भावाचे गावाकडील बंध अधिक मोलाचे ठरतात. शेती, व्यवसाय, कुटुंब यांविषयी त्याने स्वतः स्पष्ट व खरे सांगावे. पूर्वी कधी बहिणीने त्याच्यासाठी कायम वास्तव्याचा अर्ज केला असेल, तर तेही अर्जात नमूद करावे लागते. लपवणे अंगाशी येते. अमेरिकेत किती दिवस राहता येईल, हे व्हिसाच्या मुदतीवरून ठरत नाही. प्रवेशाच्या वेळी नोंदलेली तारीख पाळावी लागते.

तिसरा प्रश्न पैशाचा, आणि येथेच अवघडलेपण येते. भावाला बहिणीच्या पैशाने फिरणे जड जाते. बहिणीला त्याने रुपयांचे डॉलर करून खर्च करणे बघवत नाही. यावर उपाय म्हणजे निघण्याआधीचे स्पष्ट बोलणे. बहिणीने भावास दिलेली भेटरक्कम, ती कितीही असली तरी, भारतात त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नाही, कारण भावंड हे प्राप्तिकर कायद्याने नातेवाईक आहे. ती बँकेतून पाठवावी आणि एक साधे भेटपत्र जपून ठेवावे. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात. उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर घ्यावी. आरोग्य विमा निघण्यापूर्वीच उतरवावा. जुने आजार बहुधा त्यातून वगळलेले असतात, म्हणून रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे पूर्ण मुक्कामापुरती, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

सामानात सरगुंडे, कुरडया, पापड जाऊ शकतात. अमेरिकेत उतरताना खाद्यपदार्थ आणल्याचे सांगावे मात्र लागते. ताजी संत्री तेथे नेता येत नाहीत, आणि नेमके तेच भावाला न्यायचे असते.

घरातील दिनक्रमही आधी ठरवावा. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम पाळणाऱ्यास जूनमध्ये लंडनला अडचण नसते, कारण तेथे सूर्य रात्री ९ वाजून गेल्यावर मावळतो. डिसेंबरात तो दुपारी ४ च्या आधीच जातो. नोकरीवर जाणाऱ्या बहिणीने अशा वेळी डबा करून ठेवावा आणि शेगडी, कुलूप, बस यांची ओळख पहिल्याच दिवशी करून द्यावी. पहाटे उठून बागेत जाणारा माणूस बंद घरात दिवसभर बसला की चार दिवसांत कोमेजतो.

आणखी एक विषय या भेटीत हमखास डोके वर काढतो: सातबारा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने देशभर स्पष्ट केले आणि ते जैन कुटुंबांनाही लागू आहे. परदेशस्थ भारतीयास शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. म्हणून बाग कसणाऱ्या भावाच्या मनात प्रश्न असतो आणि बहिणीच्या मनातही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. जेवणाच्या ताटावर दिलेला होकार कायद्यात टिकत नाही, पण मनात सलत राहतो. हा विषय पाहुणचाराच्या दिवसांत काढू नये. त्यासाठी वेगळी बैठक, गावी, आई-वडिलांसमक्ष आणि वकिलाच्या सल्ल्याने व्हावी.

या दिवसांत काढण्यासारखा विषय दुसरा आहे. आई रात्री किती वेळा उठते, बाबांना दवाखान्यात कोण नेते, वहिनी शेवटची माहेरी केव्हा गेली, हे परदेशातील भावंडाने विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे. फोनवर नेहमी आई-वडिलांची प्रकृती विचारली जाते; त्यांना सांभाळणाऱ्याची क्वचितच. तो गावी नसताना आई-वडिलांजवळ कोण राहील, याची सोय आणि तिचा खर्च बहिणीने तिकिटाआधी ठरवावा. भाऊ परतण्यापूर्वी तिने स्वतःच्या रजेची तारीखही सांगावी: पुढच्या वर्षी पंधरा दिवस ती रिद्धपुरास राहील, आई-वडिलांचे सारे पाहील, आणि त्या दिवसांत भाऊ-वहिनी कोठेही जायला मोकळे असतील.