बरणीतली पाणदिवड

सुरतेच्या इच्छापोरमध्ये पावसाळ्यात साप निघाला म्हणून आता कोणी खिडकीतून डोकावतही नाही. एकीकडे हजिऱ्याचा रस्ता आणि हिरे-दागिन्यांचे कारखाने, दुसरीकडे भाताची शेतं. शेतात पाणी तुंबलं की बेडूक वर येतात, आणि बेडकांच्या मागे साप. गेल्या श्रावणात आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या पोरानं नाल्याकाठून असाच एक साप उचलला, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला, झाकणाला भोकं पाडली आणि तीन दिवस तो ‘पाळला’. चौथ्या दिवशी पाणी बदलायला हात घातला तर अंगठ्याला चावा बसला.

त्याची आजी धुळ्याकडची. ती म्हणाली, “पाणदिवड शे ती. काही व्हवाव नही, हळद लाव.” शेजारचे काका म्हणाले, “डेंडू छे, कंई नहीं थाय.” सापाची ओळख दोघांचीही बरोबर होती. पाणदिवड बिनविषारी असते, गुजरातीत तिलाच डेंडू म्हणतात. मात्र ‘काही होणार नाही’ हे दोघांनी आपल्या पदरचं जोडलं होतं.

बिनविषारी म्हणजे निरुपद्रवी, हा या विषयातला सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज. पाणदिवडीच्या तोंडात बारीक, मागे वळलेल्या दातांच्या रांगा असतात, कारण निसटत्या माशाला धरून ठेवायचं असतं. घाबरून हात हिसकला की याच दातांनी कातडी फाटते, कधी एखादा दात तुटून आत राहतो. शिवाय ज्या तोंडात बेडूक आणि गढूळ पाणी जातं, त्या तोंडातले जंतू जखमेत उतरतात. म्हणून हळद, राख, तंबाखू असलं काही न भरता वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम चांगली धुवायची, अंगठी काढून ठेवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवायचं. प्रत्येक चाव्याला अँटिबायोटिक लागत नाही, पण लाली पसरू लागली, ठणका वाढला, पू दिसला किंवा ताप आला तर दवाखाना टाळू नये. आमच्या या पोराचा अंगठा तिसऱ्या दिवशी टम्म फुगला, तेव्हा कुठे हळद मागे पडली.

रेबीजची भीतीही काहींना वाटते, कारण कुत्र्याचा चावा डोक्यात बसलेला असतो. रेबीज सस्तन प्राण्यांचा रोग आहे, साप तो देत नाही. तसंच धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणजे ‘सापाचं इंजेक्शन’ नव्हे. सापाच्या विषावरचं औषध वेगळं. घोड्यांना विष अगदी थोड्या मात्रेत टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. आपल्याकडे मिळणारं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बेतलेलं आहे. त्याची तीव्र रिॲक्शन येऊ शकते, म्हणून विषबाधेची लक्षणं असतील तरच आणि रुग्णालयातच ते देतात. हौसेनं परदेशी विषारी साप घरात ठेवणाऱ्यानं या औषधाच्या भरवशावर राहू नये.

आता ‘मला साप ओळखता येतो’ या वाक्याकडे वळू, कारण माझ्या मते खरा घात तिथे होतो. घोणशीचं पिल्लू जाडसर असतं, पाठीवर गोल ठिपक्यांच्या ओळी असतात, आणि ते अजगराचं पिल्लू समजून हातात घेणारे आजही भेटतात. कवड्या आणि मण्यार यांच्यातही अशीच गल्लत होते. दोघांच्या अंगावर आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे बारीक, बहुधा जोडीजोडीनं, मानेकडे विरळ आणि शेपटीपर्यंत स्पष्ट. कागदावर हे सोपं वाटतं. रात्री मोबाईलच्या उजेडात, साप पळत असताना, नाही. त्यात सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला प्रत्येक सापाची दोन नावं सांभाळावी लागतात: मण्यार म्हणजे काळोतरो, घोणस म्हणजे खडचितळो. नावात घोळ झाला की सल्ल्यातही होतो.

मण्यारीच्या चाव्याला दुखतही नाही फारसं, सूजही नसते. माणूस झोपतो. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास अडू लागतो. दुखत नाही म्हणजे विष गेलं नाही, असं समजून घरी थांबणं म्हणजे हातातली वेळ दवडणं. सापाची जात नक्की माहीत नसेल तर 108 ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावं आणि डॉक्टर ठेवतील तितका वेळ, बहुधा पूर्ण एक दिवस, देखरेखीखाली राहावं. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर राहू द्यावा.

गारुड्याच्या टोपलीतल्या नागाबद्दलचा समज तर आणखी जुना. दात काढले की नाग खेळण्यासारखा, असं लोक धरून चालतात. विषदंत तुटले तरी त्यांच्या मागे राखीव दात वाढतच असतात, आणि विषाची ग्रंथी जागच्या जागी असते. दात उपटताना तोंडात जखमा होतात, त्या पिकतात, नागाचं खाणं सुटतं. तहानेनं व्याकूळ केलेला नाग दूध पितो ती भक्ती नसते, तहान असते. बत्तीस शिराळ्याची नागपंचमीतली जिवंत नागांची प्रथा हायकोर्टानं थांबवली तेव्हा बराच राग उसळला होता, पण नागांच्या बाजूनं पाहिलं तर निकाल उशिराच आला.

चाव्यापेक्षा ज्याची चर्चा कमी होते ते साल्मोनेला. साप केसाळ नाही, गुळगुळीत आहे, अंगाला वास नाही, म्हणून ‘स्वच्छ’ असा भास होतो. प्रत्यक्षात ठणठणीत दिसणाऱ्या सापाच्या आतड्यातही हे जंतू असतात आणि अधूनमधून विष्ठेतून बाहेर पडतात. त्यामुळे विष्ठेची एखादी तपासणी निर्दोष आली म्हणून निर्धास्त होता येत नाही. पिंजरा, पाण्याचं भांडं, साप हाताळलेले कपडे, सगळ्यांवर ते येतात. सापाला न शिवताही लहान मूल आजारी पडू शकतं. अमेरिकेत 1975 साली चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला बंदी आली ती याच जंतूंमुळे, कारण मुलं ती तोंडात घालायची. सापांना गोठवलेले उंदीर खाऊ घालतात, तेही निर्जंतुक नसतात: फ्रीझरमध्ये साल्मोनेला मरत नाही, नुसता थांबतो. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्या घरात साप नकोच.

आमच्या पोरानं बरणीतलं पाणी रोज स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतलं होतं. त्याच सिंकमध्ये आजी कोथिंबीर धुवायची. तिला हे कळलं तेव्हा आधी सिंकवर उकळत्या पाण्याचं पातेलं रिकामं झालं आणि मग नातवाला दोन धपाटे बसले.

आणि कायदा. ‘विषारी नाही, मग पाळायला काय हरकत’, असं विचारणाऱ्यांना हेच माहीत नसतं की पाणदिवड, धामण, अजगर, मांडूळ यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे. ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग सापाला दूध पाजा की दही. बॉल पायथनसारखे परदेशी साप, जे आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या सायटिस यादीत आहेत, ते ठेवायचे तर 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी हवी. दुकानदाराची पावती म्हणजे परवाना नव्हे.

आमची पाणदिवड सर्पमित्राला बोलावून शेताच्या कडेला सोडली. पाण्यात शिरली आणि क्षणात दिसेनाशी झाली. पोराचा अंगठा अँटिबायोटिकचा कोर्स संपेपर्यंत उतरला. बरणी आजीनं टाकली नाही, तीन वेळा उकळून घेतली. आता तिच्यात मनी प्लांट आहे, आणि लोणचं घालायचा विषय निघाला की आजी दुसरी बरणी आणायला सांगते.